काकूंचा मोकळा हात

सुधाकाकूंचा पाय कशालाही लागला, की त्यांचा हात आपोआप तिथे जायचा आणि मग कपाळाला. वर्तमानपत्र असो, शेजारचा माणूस असो, नाहीतर माझा लॅपटॉप. अशा बाईने साठीला टेकताना घोड्यावर बसायचं ठरवलं, तेव्हा अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या आम्हा मराठी मंडळींना हसू आवरेना. मी तोंडावरच म्हणालो, "काकू, गुडघ्यांचा तरी विचार करा."

"गुडघे माझे आहेत. तू फक्त ड्राइव्ह कर."

झालं, दर शनिवारी मी त्यांचा ड्रायव्हर. खेळाचं नाव रेनिंग. ठरलेल्या क्रमाने घोडा गोल पळवायचा, जागच्या जागी गरागरा फिरवायचा, भरधाव आणून मागच्या पायांवर घसरत थांबवायचा. लगाम एकाच हातात, तोही सैल. बाकीचं सगळं घोड्याला पायाने सांगायचं, आणि काकूंची गाडी तिथेच अडली. टाच मारली रे मारली, की त्या बिस्किटच्या मानेला हात लावून नमस्कार करायच्या. बिस्किट म्हणजे त्यांचा म्हातारा, शहाणा घोडा.

पहिल्या स्पर्धेला सहा स्पर्धक होते. बघायला मी आणि कुणाचं तरी कुत्रं. सत्तर गुणांपासून सुरुवात, छान जमलं की अधिक, चुकलं की वजा. काकूंच्या नमस्काराने पाच गुण गेले. त्यांचे शिक्षक डेल यांनी समजावलं, मोकळ्या हाताने घोड्याला शाबासकी द्यायला बंदी आहे.

काकू माझ्यावर तडकल्या. "शाबासकी कसली मेली? मी माफी मागत होते."

पुढे दोन वर्षं हेच चाललं. तेवढ्यात खेळाला मात्र भरती आली. आमच्या तबेल्यात शिकायला वेटिंग लिस्ट लागली आणि दोन हजार आठच्या शेवटच्या स्पर्धेला बसायला जागा मिळेना. बिस्किटला सतरावं लागलं होतं. हा त्याचा शेवटचा सीझन, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

"एकदाच सत्तर मिळू देत रे," काकू गाडीत म्हणाल्या. "माझ्यापायी तो नापास होऊन रिटायर व्हायला नको."

त्या दिवशी काकूंनी पहिली टाच मारली आणि मोकळा हात उचलला गेला. पण हात तसाच खाली आला आणि जीन्स मुठीत गच्च धरून बसला. तो शेवटपर्यंत सुटला नाही. बिस्किट धूळ उडवत, घसरत थांबला तेव्हा सगळी गर्दी उभी राहून ओरडत होती. गुण एकाहत्तर.

बाहेर काकू खाली उतरल्या. डेलनी हॅट काढून हात पुढे केला. "थांबा जरा," काकू चक्क मराठीत म्हणाल्या आणि बिस्किटकडे वळल्या. टाच लागली होती तिथे हात लावला, कपाळाला नेला. मग पुन्हा. पुन्हा. डेल हॅट हातात धरून तसेच उभे. मी जवळ गेलो, तर काकूंचे डोळे वाहत होते आणि चेहरा हसत होता.

"सात वेळा पाय लागला रे," त्या म्हणाल्या. "सगळे नमस्कार राहिले होते."