पुडीतली धूळ

वारज्यातल्या दुकानात माझ्यासारखंच फरशी पुसायचं मशीन बघायला आलेल्या एका गृहस्थांनी घरची धूळ पुडीत बांधून आणली होती.

"काका, डेमोचा कचरा आहे आमच्याकडे," विक्रेता म्हणाला.

"तो तुमच्या ओळखीतला. तुमचं मशीन त्याला उचलणारच!"

त्यांनी पुडी फरशीवर रिकामी केली. मशीन फिरल्यावर मोजे काढून तिथं चालले, तळवे निरखले आणि माझ्याकडे वळले. "आपण कशाला घेताय?"

घरातही बोललो नव्हतो ते मी त्यांना सांगून टाकलं. "कामाच्या मावशींना काढायचंय. तोंडावर सांगवत नाही."

"मग हे मशीन सांगणार आहे का?"

मशीन मी घेतलंच. खोका अजून उघडलेला नाही. मावशी रोज तो सरकवून खालची फरशी पुसतात, आणि मी पाय वर घेऊन बसतो.