पाण्यावरची शीळ

गळ्याच्या बाबतीत आमचं घराणं कोरडं ठणठणीत. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. गावच्या भजनात दादांच्या हाती टाळ द्यायचे, पण तोंड मिटून वाजवा अशी विनंतीही करायचे. देवानं ती कसर ओठांत भरून काढली. कुरुंद्याच्या आमच्या शिवारात दादांसारखी शीळ दुसऱ्या कुणाची नव्हती. लेक म्हणून म्हणते असं कुणी म्हणेल. म्हणू द्या, खरं ते खरंच.

ती शीळ बैलांसाठी होती. बैल पाण्यावर नेले की धन्यानं हलकी शीळ घालायची, म्हणजे जनावर निवांत, पोटभर पितं. ही रीत आमच्याकडे घरोघरी, पण प्रत्येक घराची शीळ निराळी. आमची लांबट, सपाट चालत जाणारी आणि शेवटाला जराशी वर चढणारी. आजोबांकडून ती दादांकडे आली होती. कलत्या दुपारी हौदावर ती सुरू झाली की हळद काढणाऱ्या बाया वाकल्या कमरेनंच म्हणायच्या, "चला, उन्हं उतरली." मला लहानपणी वाटायचं, दादा शीळ घालतात म्हणून उन्हं उतरतात. खरं सांगायचं तर अजूनही थोडं वाटतं.

आम्ही शेतातल्या घरातच राहायचो, आखाड्यावर. ते दिवस आठवायला गेले की सगळं पिवळट आणि धूसर दिसतं. कढईतल्या शिजत्या हळदीची वाफ हौदावरून सरकत असते, त्या वाफेत दादा अर्धे दिसतात, अर्धे नाहीत. शीळ तेवढी पूर्ण ऐकू येते. मी हौदाच्या काठावर बसून ओठांचा चंबू करते आणि नुसता वारा फुंकत राहते. मग एके दिवशी त्या वाऱ्यातून आवाज निघाला. पाणी पिता पिता तांबड्या बैलानं एक कान माझ्याकडे वळवला. आपण कुणीतरी आहोत, असं मला जन्मात पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

दादांनी शाबासकी दिली नाही. एवढंच म्हणाले, "आता सुरू केलीस तर मधी तोडू नको. जनावर मान वर करस्तोवर शीळ तोडायची न्हाई. अर्ध्या पाण्यावरून कुणाला उठवू न्हाई."

मायला हे बिलकूल पटलं नाही. "पोरीच्या जातीनं शीळ घालावं का? साप येतेत घरात."

"येऊ दे," दादा म्हणाले, "तेबी पाणी पिऊन जातेत."

माय हसली नाही. पुढे मला पाहायला पाहुणे यायला लागले तेव्हा तिनं बजावलं, "त्यायच्यासमोर तोंड मिटून बस." भजनातली दादांची अट अशी वारशानं माझ्याकडे आली.

लग्न होऊन हिंगोलीला आले. तिथं पहिल्याच महिन्यात घोटाळा झाला. सासूबाई दुसऱ्या खोलीत बसून कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. माझी शीळ त्यांनी हिशेबात धरली आणि डाळ कच्ची राहिली. नवरा त्या दिवशी पोट धरून हसला. तेव्हापासून कुकर चढला की मी गप्प. बाकी वेळ शिवणयंत्रावर बसले की शीळ आपोआप येते. बाही जोडताना एक चाल, काजं करताना दुसरी. गल्लीतल्या बुलबुलाची लकब मी उचलली, मंदिरातल्या भजनाच्या चाली उचलल्या, पण दमून बसले की ओठांवर येते ती हौदावरचीच. याचा उपयोग काय, असं बायका विचारतात. घरात मी सून असते, आई असते, शिवणारी ताई असते. शीळ घालते तेव्हा मी माझी असते. मला ती फार प्रिय आहे.

गेल्या उन्हाळ्यात दादांना लकवा झाला. दवाखान्यातून आखाड्यावर घरी आणलं तेव्हा मीही माहेरी आले. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, टेकवून बसवा, चमच्या-चमच्यानं पाणी द्या, पण पोटात गेलं पाहिजे, नाहीतर पुन्हा भरती करावं लागेल. दादा मात्र पाणी घेईनात. ओठांच्या कोपऱ्यातून ते गळायचं आणि त्यांना लाज वाटायची. आम्ही विनवण्या केल्या, रागावलो, रडलोही. चमचा समोर आला की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. एकदा मला वाटलं, ते शीळ घालून बघतायत. नुसता वारा निघाला. माझा निघायचा तसाच. मी तिथून उठून बाहेर गेले.

ट्रॅक्टर आल्यावरही दादांनी हट्टानं एक म्हातारा तांबडा बैल ठेवला होता. एका कलत्या दुपारी माय त्याला हौदावर घेऊन गेली, मीही सोबत होते. बैलानं पाणी हुंगलं आणि मान फिरवली. ओसरीवरच्या बाजेवरून दादांना सगळं दिसत होतं. माय दावं धरून तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "घाल."

"काय?"

"तुझ्या दादाची शीळ घाल. मुकं जनावर तहानलेलं हाय."

मी म्हटलं, "साप येतेत न, माय."

"येऊ दे," माय म्हणाली, "तेबी पिऊन जातेत."

पहिला सूर फाटलाच. दुसरा लागला. लांबट, सपाट, शेवटाला जरासा वर. बैलाचा कान वळला. मान खाली गेली आणि पाण्यावर छोटी छोटी वलयं उठायला लागली. मी बाजेकडे पाहिलं. दादांचे डोळे मिटलेले होते, पण तोंड आमच्याकडे होतं. वाकड्या ओठांचा त्यांनी चंबू केला होता.

मायनं दावं सोडलं. वाटी-चमचा घेऊन ती बाजेवर जाऊन बसली आणि म्हणाली, "बैल पिऊन राहिला. तुमी काहून थांबले?"

दादा अर्ध्या चेहऱ्यानं हसले. हसू ओसरलं आणि त्यांनी तोंड उघडलं. थोडं पाणी गळालं, ते मायनं पदरानं टिपलं. दुसरा चमचा आत गेला. तिसऱ्यासाठी त्यांनी आपणहून ओठ पुढे केले.

बैलाचं पिऊन झालं. त्यानं मान वर केली, तोंडातून पाणी निथळत होतं. माझा दम संपत आला होता. पण मी शीळ तोडली नाही, दादांचं अजून व्हायचं होतं.