कारण सांगा, मग बेड्या घाला

द्वारकाबाईंनी एकतीस वर्षं कोर्टाच्या दाराशी उभं राहून पुकारे केले. पक्षकाराचं नाव तीनदा, खणखणीत आवाजात. निकाल आत लागायचे, यांचं मत कुणी कुत्रं विचारत नसे. निवृत्तीनंतर विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये त्या कंटाळल्या, तेव्हा भाची चैतालीने संगणकावर एक खेळ लावून दिला. त्यात प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं आणि माइकवर त्याच तोऱ्यात बोलायचं. कुणी चोर, कुणी टॅक्सीवाला. बाई पोलीस झाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी मॅडम म्हटलं.

खेळातल्या पोलिसांना नियम होते. आठवा नियम असा, की कारण सांगितल्याशिवाय बेड्या घालायच्या नाहीत. बाकीची पोरं तो सर्रास धाब्यावर बसवत. बाई मात्र आरोपीचं नाव तीनदा पुकारत, कारण सांगत आणि मगच बेड्या घालत. पोरं हसायची. हसेनात का!

खेळ चालवणारा इंद्रजीत आणि खेळातला पोलीस कमिशनरही तोच. त्याचे पाठलाग लोक लाइव्ह बघायचे, त्यामुळे साहेब कायम हवेत. रविवारी त्याने अवनी नावाच्या नवख्या मुलीची टॅक्सी अडवली आणि एक शब्द न सांगता बेड्या ठोकल्या. ती रडकुंडीला आली. द्वारकाबाईंनी सगळ्यांदेखत त्या काढल्या.

"काकू, गेम आहे हा. चिल करा ना," इंद्रजीत म्हणाला.

"खेळच आहे. मग नियमाने खेळा."

माफी मागा, नाहीतर वर्दी उतरवा, असं त्याने बजावलं. त्या खोट्या वर्दीवर बाईंचा फार जीव होता. डोळ्यांत पाणी आलं, पण माफी काही त्यांनी मागितली नाही. वर्दी गेली.

दुसऱ्या दिवशी बाई खेळात टॅक्सी घेऊन आल्या आणि इंद्रजीतच्या नाकासमोर लाल सिग्नल तोडला. तो बेड्या घेऊन धावला. बाईंनी दार आतून लावून घेतलं आणि विचारलं, "कारण?"

तो धमक्या देत राहिला, बाई तेवढंच विचारत राहिल्या. अवनीने आपली टॅक्सी त्यांच्यामागे आणून लावली, मग आणखी चौघांनी लावल्या. बाईंना खेळातून हाकलणं इंद्रजीतच्या हातात होतं, पण हजारभर लोक बघत होते आणि सांग ना बाबा कारण, असं लिहीत होते.

"सिग्नल तोडला," तो पुटपुटला.

"मोठ्याने. दाराबाहेर ऐकू गेलं पाहिजे."

त्याने मोठ्याने सांगितलं. बाईंनी दार उघडून दोन्ही हात पुढे केले.

"तोडला. आता घाला."