पुसलेले आकडे

अकोल्याचे देवराव इंगोले कोथिंबिरीची जुडीसुद्धा दोरा सोडून बघितल्याशिवाय घरात घेत नसत. बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर त्यांनी उगवणीची चाचणी न करताच सही केली, आणि वलगावकडच्या तेरा शेतांत तूर उगवलीच नाही. चौकशीत कुणाचं काही वाकडं झालं नाही, देवरावांचंही नाही. पण तेव्हापासून माणसाच्या शब्दावर त्यांचा भरवसा उरला नाही.

त्यांच्या बायकोचा, शकुनताईंचा, जीव आपल्या वडिलांनी हातानं जोडलेल्या अॅम्प्लिफायरवर होता. जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा. रेकॉर्ड लावली की चार मोठे व्हॉल्व्ह दिव्यासारखे मंद पेटायचे. यंदा अॅम्प्लिफायरचा आवाज फाटू लागला, म्हणून अमरावतीहून नत्थुजींना बोलावलं. साठी उलटलेला, कमी बोलणारा मेकॅनिक.

नत्थुजींनी चार नवे व्हॉल्व्ह आणले होते. देवराव खुर्ची ओढून समोरच बसले.

"डबे फोडलेले कसे काय?"

"मी घरी तपासून आणले, जी."

तपासून आणले की वापरून आणले, हे देवरावांनी मनातच विचारलं. नत्थुजींनी काचेवर काळ्या शाईनं एक ते चार आकडे टाकले, व्हॉल्व्ह बसवले, अर्धा तास तापू दिले. मग मीटर लावून प्रत्येकाजवळचा बारीक स्क्रू फिरवत बसले. मीटर पस्तिसावर स्थिरावला की पुढचा.

"याले बायस लावनं म्हनतात. चारही एकसारखे नाईत. कोनी जास्त करंट खाते, कोनी कमी. म्हनून ज्याची जागा त्यालेच. अदलाबदल करू नका."

अदलाबदल करू नका, म्हणजे काढून बघू नका. देवरावांना त्यात लपवाछपवीच दिसली. जुन्या व्हॉल्व्हवर नवं नाव छापून विकतात, हे त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. त्यातच निघताना नत्थुजींनी जुने व्हॉल्व्ह मागितले तेव्हा संशय पक्काच झाला. त्यांनी ते दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शकुनताई दळण आणायला गेल्या. देवरावांनी बटण बंद असल्याची खात्री केली, चारही व्हॉल्व्ह उपसले आणि स्पिरिटच्या बोळ्यानं काच घासली. कंपनीचं नाव लगेच निघालं. सोबत नत्थुजींचे आकडेही गेले, पण तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बोळ्यावरचा डाग हाच पुरावा! हाताला आला तसा एकेक व्हॉल्व्ह त्यांनी परत खोचला.

संध्याकाळी रेकॉर्ड लागली. दहा मिनिटांत घरघर सुरू झाली, जळका वास आला. एका व्हॉल्व्हच्या आतला पत्रा निखाऱ्यासारखा लाल झाला होता. शकुनताईंनी धावत जाऊन बटण बंद केलं.

"पाह्यलं? मी म्हनतच होतो, माल बोगस आहे," देवराव म्हणाले.

सकाळच्या बसनं तो व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळून ते अमरावतीला पोचले आणि नत्थुजींच्या टेबलावर ठेवला. "हा तुमचा नवा माल."

नत्थुजी रागावले नाहीत. त्यांनी व्हॉल्व्ह टेस्टरवर लावला. काटा बरोबर तिथंच गेला जिथं जायला हवा. मग काच उजेडात फिरवून त्यांनी विचारलं, "याचा आकडा कुठी गेला?"

देवरावांनी कोऱ्या काचेकडे पाहिलं. आपल्याआप उडाला, असं म्हटलं असतं तरी कुणी पाहिलं नव्हतं.

"मी पुसला," ते म्हणाले. "छपाई खरी का खोटी, पाहासाठी."

"अन् मंग कोनता कुठी लावला?"

"ध्यान नाई राह्यलं."

नत्थुजींनी व्हॉल्व्ह परत रुमालावर ठेवला. "छपाई तं असलीचीही निघते, जी. हा बिचारा दुसऱ्याच्या जागेवर बसला, दुप्पट करंट खाऊन राहिला होता."

"जुने कायले मागतले होते मंग?"

"त्यातला एक चांगला होता. तुमच्याच कामी आला असता, अडीनडीले."

रविवारी नत्थुजी अकोल्याला आले. चारही स्क्रू फिरवून करंट आधी पार खाली उतरवून त्यांनी स्क्रूड्रायव्हर देवरावांच्या हातात दिला. "तुमीच लावा. मी मीटर पाहातो. दुसरा हात खिशात, आत चारशे व्होल्ट आहे."

देवराव एक हात खिशात घालून स्क्रू फिरवू लागले. अठ्ठावीस, एकतीस, चौतीस. चारही लागायला तास गेला. चहा पिताना, कुणी न विचारता, त्यांनी वलगावच्या तुरीची गोष्ट सांगितली. शकुनताई कपात साखर ढवळता ढवळता थांबल्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, पण हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

नत्थुजींनी बशी खाली ठेवली. "मंग तपासत जा, जी. पन आधी मले इचारत जा."

त्यांनी पिशवीतून कानस काढली आणि चारही व्हॉल्व्हच्या बुडाशी, पुसलेल्या आकड्यांऐवजी, एक, दोन, तीन, चार अशा खाचा पाडायला घेतल्या.