गिरजाबाईची तुराटी

गिरजाबाई मिस्तरणीच्या हातात थापी नसली तरी तुराटी असायचीच. तुरीची साधी वाळकी काडी. कुठं नवी भिंत दिसली की दगडांच्या सांध्यात ती काडी खुपसून बघायची. काडी आत गेली की बांधणाऱ्याची धडगत नसे. "उकल. पुन्ना बांध," एवढंच म्हणायची. मी जिंतूर तालुक्यातल्या त्या पुनर्वसित गावी शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी ती शाळेच्या नव्या खोलीची भिंत अशीच तपासत होती. तपासणीला कोणी बाई आल्यात असं समजून मी उठून नमस्कार केला. "बसा गुरुजी," ती म्हणाली, "भिंत माझीच हाय. दुसऱ्याची बगते तशी सोताची नगं का बगाय?"

बाईनं घमेलं उचलावं आणि थापी पुरुषानं धरावी, असा तिकडचा रिवाज. गिरजाबाईनं तो पूर्णेवरच्या धरणाच्या कामावर मोडला. दगड वाहता वाहता बघून बघून ती बांधकाम शिकली. आणि त्याच धरणाच्या पाण्यात तिचं जुनं गाव गेलं. गावानं देव वाजतगाजत वर आणले. बौद्धवाड्याची दफनभूमी मात्र होती तिथंच राहिली आणि तिच्यात गिरजाबाईची आई.

"देव उचलून नेले, माय ऱ्हायली," ती सांगायची. "आन् पाणी आडवणारी भिंत म्या बांधली, गुरुजी."

सांगताना ती रडत नसे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दफनभूमीतल्या चिंचेचा खुंट उघडा पडे. त्या दिवशी कामावर खाडा करून ती तिथं बसून येई.

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात ती कायम पुढं. एकदा आठ दिवस तुरुंगात राहून आली. कसं होतं म्हणून मी विचारलं. "भिंत लय कच्ची," ती म्हणाली. "तुराटी असती तर दावलं असतं त्यान्ला."

धरणात मासे धरणारा काशिनाथ भोई एकदा गिरजाबाईला बोलता बोलता म्हणाला, की बुडालेल्या पडक्या भिंतींच्या आडोशाला मासे राहतात, अंडी घालतात. चार दिवसांनी शाळेत येऊन मला म्हणाली, "मी मेल्यावर मला जाळा. राख सिमेटात कालवा, ठोकळा करा आन् मायच्या शेजारी ठिवा. मासळी ऱ्हाईल. मायलाबी सोबत हुईल."

तिचा मुलगा मिलिंद परभणीला कारकून होता. हे ऐकून तो भडकलाच. त्याला आईसाठी रस्त्याकडेला नावाची संगमरवरी पाटी हवी होती. "लोक म्हणतील, पोरानं आईला पाण्यात टाकली!"

"नाव विद्यापीठाला लागू दे," ती म्हणाली. "मला माय पायजे."

त्या उन्हाळ्यात तिनं नमुन्याचा एक ठोकळा स्वतःच घडवला आणि खुंटाजवळ नेऊन ठेवला. काय घोटला होता! हात ठेवला तर निसटावा. वर्षभर तिथं मासा म्हणून फिरकला नाही. पुढच्या उन्हाळ्यात काशिनाथ हसत म्हणाला, "मावशे, ह्याला भोकच न्हाई. मासळी घुसंल कुठून?"

जन्मभर भोकं बुजवत आलेली बाई! तिसऱ्या दिवशी तिनं तुराट्यांच्या मनगटाएवढ्या पेंढ्या बांधल्या, ओल्या काँक्रीटमध्ये आरपार खुपसल्या आणि ते घट्ट व्हायला लागताच ओढून काढल्या. ठोकळ्याला भोकंच भोकं. "कुणाला सांगू नका गुरुजी, ह्यो माझा हाय म्हून," ती ओशाळून म्हणाली. पुढल्या वर्षी काशिनाथ त्या ठोकळ्यापाशी धरलेली एक मोठी मरळ तिच्या दारात ठेवून गेला. मग मात्र तिनं अख्ख्या गावाला सांगितलं.

विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. पेढ्याचा तुकडा चघळत म्हणाली, "हे काम झालं. आता मायकडं जाते." पंधरवड्यात गेली. धरण तेव्हा भरलेलं होतं. मिलिंदनं राख डब्यात भरून परभणीला नेली. पाटी की ठोकळा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मे महिन्यात तो आला, तो सिमेंटचं पोतं आणि तुराट्यांचा भारा घेऊनच. कधी थापी न धरलेला माणूस, पण कुणाला हात लावू देईना. राख स्वतः कालवली. पेंढ्या ओढून काढताना मात्र त्याचा बांध फुटला. ठोकळा वाळल्यावर काशिनाथनं आणि आम्ही चौघांनी तो उचलून खुंटाशेजारी बसवला. तेव्हा मिलिंदनं एक तुराटी माझ्या हातात दिली.

"तपासा, गुरुजी."

मी एकेका भोकात काडी घातली. प्रत्येक वेळी ती पलीकडून बाहेर आली. मला त्या बाईचा, आणि तिच्या पोराचाही, फार अभिमान वाटला. कुठंच अडत नाही, असं मी त्याला सांगितलं.

मिलिंदनं ठोकळ्यावर हात ठेवला. "बग आई," तो म्हणाला, "उकलायचं काम न्हाई."