मारबत गेल्यावरचा एक दिवस

त्या पोळ्याच्या आठ दिवस आधी गोंदियाच्या डॉक्टरांनी मला दवाखान्यातून जवळजवळ हाकलूनच दिलं होतं. टीव्हीवर दिवसभर पुण्याच्या स्वाइन फ्लूच्या बातम्या चालायच्या. माझ्या सहा वर्षांच्या मुलीचं नाक गळायला लागलं, अंग जरा कोमट लागलं आणि मी तिला घेऊन आमगावहून सकाळची गाडी पकडली. तीन तास ओळीत उभी राहिले. तेवढ्या वेळात मुलगी बाकड्यांवरून उड्या मारत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, "मॅडम, सर्दी है. टीवी देखना बंद करो." ते हसले आणि मागे उभे असलेले लोकही हसले.

घरी तर विचारूच नका. सासूबाईंनी माझं नाव डॉक्टरीणबाई ठेवलं. कोणी शिंकलं की म्हणायच्या, "जा, आमच्या डॉक्टरीणबाईले दाखव." मी शाळेत शिकवणारी बाई, पण या असल्या चेष्टेपुढे माझं शिक्षण कधी उपयोगी पडलं नाही. मनातल्या मनात चरफडायचे आणि भाकऱ्या थापायचे.

आणि नेमकी त्याच वेळी माझी धाकटी जाऊ शिंकायला लागली. तिला सातवा महिना होता. आधीचं एक मूल पोटातच गेलेलं, त्यामुळे या खेपेला ती पाऊलसुद्धा जपून टाकायची. पोळ्याच्या दोन दिवस आधी तिचं नाक चोंदलं, दुसऱ्या दिवशी ताप आला. मी म्हटलं, गोंदियाला दाखवून आणू. सासूबाई म्हणाल्या, "धानाच्या रोवणीच्या दिवसात सगळ्याइलेच सर्दी होते. मी त चिखलात उभी राहून दोन पोरं काढली. तू कायले भेव दाखवून राहिली तिले?" जाऊही घाईघाईनं म्हणाली, "नाय ताई, मले काही नाय झालं." सासूबाईंनी तिच्या ओढणीला कापराची पुरचुंडी बांधली आणि विषय संपला.

पोळ्याच्या दिवशी ती चुलीपुढे बसून पुरण शिजवत होती. चेहरा लाल झाला होता, पण चुलीपुढे कोणाचा होत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत निघते. दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या उचलायच्या, गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायच्या आणि ओरडायचं, "खासी, खोकला, रोगराई घेऊन जाय गे मारबत." त्या वर्षी लोक 'सैनफुलू'लाही घेऊन जा म्हणत होते. त्यावर आमच्या घरचा आणखी एक नियम होता. त्या दिवशी घरात दुखण्याचं नाव काढायचं नाही आणि दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही. शिवेबाहेर घालवलेला रोग हाक मारून परत कशाला आणायचा, असं सासूबाईंचं म्हणणं.

त्या दुपारी जाऊ अंगणातून दोन पायऱ्या चढून आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. तिला दम लागला होता. दोन पायऱ्यांनी कोणाला दम लागतो? मी पाहिलं. तिनंही पाहिलं की मी पाहतेय. माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण मला दवाखान्यातली ती ओळ आठवली, ते हसणं आठवलं, सासूबाईंचं 'डॉक्टरीणबाई' आठवलं. सणाच्या दिवशी तमाशा नको, उद्या बघू, असं मनाशी म्हणून मी आत जाऊन भांडी घासायला बसले.

सकाळी तिला एक वाक्य पुरं बोलता येईना. दिरांनी जीप आणली. दवाखान्यात तेच डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "कितने दिन से?" सासूबाई म्हणाल्या, "कालपासून." मी म्हटलं, "चार दिवस झाले. काल दुपारपासून दम लागतोय."

डॉक्टर माझ्यावर उखडले. "पोटात बाळ आहे, ताप आहे, दम लागतोय, आणि तुम्ही घरात बसून राहिल्या?" माझाही पारा चढला. म्हटलं, "दहा दिवसांपूर्वी आले होते मुलीला घेऊन. तुम्हीच हसून परत पाठवलं." त्यांनी मान वर केली. "तुमची मुलगी उड्या मारत होती, मॅडम. ही उभी राहू शकत नाही." ते खरंच होतं. पण तेव्हा हसण्याऐवजी एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर त्यांचं काय जाणार होतं? कोणती सर्दी घरी बरी होते आणि कोणती घेऊन धावत यायचं, हे मला त्या ओळीत तीन तास उभी असताना कोणीच सांगितलं नव्हतं.

तपासणीच्या रिपोर्टची वाट न बघता त्यांनी स्वाइन फ्लूचं औषध सुरू केलं, ऑक्सिजन लावला. बारा दिवस ती तिथं होती. बाळ वाचलं, तीही वाचली. सासूबाईंनी ते श्रेय मारबतीला दिलं आणि मला डॉक्टरीणबाई म्हणणं सोडलं नाही.

घरी आल्यावर एकदा मी जावेची वेणी घालत होते. पुढे बघत ती म्हणाली, "ताई, आईले नाय समजलं. मले बी नाय समजलं. तुमाले त मारबतीच्या दिवशीच समजलं होतं ना? मंग बोलल्या काऊन नाय?"

मी तिची वेणी उगाचच सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.