सावलीतला रंग

बांगडी भरताना बाईचं बरंच काही कळतं. खापरच्या बाजारात माझं कटलरीचं दुकान आहे: बांगड्या, टिकल्या, रिबिनी, कंगवे, पावडर, नेलपॉलिश. गेली अठरा वर्षं मी अनोळखी बायांचे हात हातात धरत आले आहे. तापीकाठच्या बागायतदाराची बायको हात पुढे करते तेव्हा तिचा पंजा असा मिटतो की दोन-चारच्या लहान मापाची बांगडी सरकन आत जाते आणि मनगटाच्या मांसात रुतून बसते. सातपुड्यातून उतरलेल्या बाईचं उलटं असतं. मनगट काटकुळं, पण कोयता धरून धरून पंजा रुंद झालेला, पेरं जाड झालेली. तिला मोठी, दोन-आठची लागते. साबण लावून ती कशीबशी पंज्यावरून चढवायची, आणि मनगटावर पोचली की ती कोपरापर्यंत घरंगळते. दोघींची हाडं सारखीच असतात. मी दाबून पाहिलेली आहेत.

केसांचंही तसंच. आमच्या पाड्यावरच्या पोरींचे केस उन्हानं आणि अर्धपोटी राहण्यानं तांबूस होतात. शाळेतले गुरुजी त्यावरून त्यांना चिडवतात. नंदुरबारच्या पार्लरात मात्र तोच रंग तीन तास खुर्चीत बसून लावून घेतात.

रूप जन्माचं असतं असं लोक म्हणतात. मी तेराव्या वर्षीच ते मानायचं सोडलं. मोलगीच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. तिथून मला नंदुरबारला एका घरी भांडी घासायला ठेवलं होतं. घर बागायतदारांचं, शिवाय गावात साड्यांचं मोठं दुकान. मालकीणबाई गोऱ्यापान होत्या आणि त्यांचं गोरेपण रोज कसं तयार होतं ते मी पाहत होते. सकाळी दहाला पडदे ओढले जायचे ते ऊन उतरेपर्यंत उघडत नसत. गच्चीवर पापड घालायचे, मिरच्या वाळवायच्या, कपडे टाकायचे ते मी. गाडी दाराशी लागायची. त्यांच्या वाट्याचं ऊनसुद्धा मीच अंगावर घेत होते. साय, बेसन, हळद हे सगळं नंतरचं. मूळ गोष्ट सावली.

एकदा त्यांच्या लेकीला बघायला पाहुणे आले. पोह्यांचा ट्रे घेऊन मी दारापर्यंत गेले. मालकीणबाईंनी ट्रे माझ्या हातातून काढून घेतला आणि अगदी हळू म्हणाल्या, "तू मांगेच ऱ्हाय. पाहुणास्ना समोर येऊ नको." रागावून बोलल्या असत्या तर मी कधीच विसरले असते. ओरडा मी खूप खाल्ला आहे. पण त्या सहज बोलल्या, जशी खराब खुर्ची मागे सारावी तशा.

पुढच्या वर्षी ते घर सोडलं. टोपलीत रिबिनी आणि आरसे घेऊन पाड्यापाड्यांनी फिरले. मग बाजारात पथारी, मग पत्र्याची टपरी, मग हे दुकान. गुजराती मी सुरतेच्या ठोक व्यापाऱ्यांशी भांडून शिकले. एकानं मला तडकलेल्या बांगड्या बांधून दिल्या, तर मी परत जाऊन तो अख्खा खोका त्याच्याच उंबऱ्यावर आपटला. तेव्हापासून तो मला माल उघडून दाखवतो. माझा राग माझ्या धंद्याला उपयोगी पडला आहे. असंच मला बरीच वर्षं वाटत होतं.

त्याच व्यापाऱ्याकडून मी गोरं करणाऱ्या ट्यूबा आणायला लागले. बोटभर ट्यूब, वर हसऱ्या बाईचं चित्र. सपाटीवरच्या गावांतल्या पोरी लग्नाच्या महिनाभर आधी न्यायच्या, आणि खरोखर पंधरा दिवसांत तोंड उजळायचं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून विकत राहिले. ट्यूबा खोक्यातून काढून सुट्या ठेवायची, म्हणजे एका डब्यात दुप्पट मावतात. खोके आणि आतली बारीक अक्षरांची चिठ्ठी चुलीत जायची.

माझी धाकटी बहीण माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. आश्रमशाळेत बारावी झालेली, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलणारी. तरी दिवाळी झाली की आईबरोबर गुजरातेत ऊसतोडीच्या टोळीत जायची आणि होळीला परत यायची. त्या वर्षी काठी गावच्या होळीत रात्रभर नाचून ती थेट माझ्याकडे उतरली. पायांत अजून घुंगरं होती. ती मला बाईच म्हणते. म्हणाली, "बाई, मी आता टोळीबरोबर जाणार नाही. काहीतरी बघ."

मी बघितलं, आणि बघायला नेमकी कुठे गेले तर त्याच साड्यांच्या दुकानात. इतकी वर्षं मी त्यांच्या दारात उभी राहिले नव्हते. आता मालकीणबाई स्वतः गल्ल्यावर बसतात. मला वाटलं, ज्या घरानं मला मागे ठेवलं त्यांच्या काउंटरवर माझी बहीण उभी राहील. नोकरी तिला हवी होती, दुकान मी निवडलं.

मालकीणबाईंनी मला ओळखलं. चहा पाजला. बहिणीला चार साड्या उलगडून दाखवायला सांगितल्या. तिनं त्या अशा उलगडल्या की शेजारची एक गिऱ्हाईक बाई वळून बघायला लागली. मग मालकीणबाईंनी मला बाजूला घेतलं.

"पोरगी हुशार शे," त्या म्हणाल्या. "पन काउंटरवर उभी ऱ्हायनी तं गिऱ्हाईक पयले तिन्हं तोंड देखी, मंग साडी देखी. ऊसतोडीना उन्हमा रापी गयी शे. तुन्हा तं धंदाच तो शे. आखाजीपर्यंत जरा उजळ कर आनि लई ये."

मी भांडले नाही. मला तो सौदा वाटला. होळी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, दीड-पावणेदोन महिने. पगाराचंही मी तिथंच घासून पक्कं केलं. घरी येऊन बहिणीच्या पिशवीत डझनभर ट्यूबा टाकल्या आणि सांगितलं, "दिवस कमी आहेत, हात आखडू नको." गिऱ्हाइकाला मी कधी असं सांगितलं नव्हतं. सपाटीवरच्या पोरी वाटाण्याएवढं क्रीम झोपताना लावतात आणि सकाळी धुऊन टाकतात, दिवसभर घरात असतात. हे त्यांना मी शिकवलेलं नाही. त्यांना ते एकमेकींकडून माहीत असतं. माझ्या बहिणीला कोण सांगणार?

आमच्याकडे औषध म्हणजे लेप. भगत पाला वाटून देतो. तो जाड थापायचा आणि वाळून आपोआप गळेपर्यंत ठेवायचा. तिनं क्रीमही तसंच थापलं. आणि मोहाची फुलं वेचायचे दिवस होते. पहाटे झाडाखाली गेलं की डोक्यावर ऊन येईपर्यंत वाकून वेचत राहायचं. तिनं विचार केला, काळं करणारं ऊन आहे, तर गोरं करणारं औषध उन्हात जातानाच अंगावर पाहिजे. म्हणून ती रोज सकाळी तोंडभर पांढरा लेप देऊन मोहाखाली जायची. आई सांगते, पहिले दहा दिवस पाड्यावरच्या बायका थांबून थांबून तिच्याकडे बघत होत्या, इतकं तोंड उजळलं होतं. मग गाल लाल झाले. बहिणीला वाटलं, औषध कमी पडतंय. तिनं थर वाढवला.

आखाजीच्या चार दिवस आधी ती माझ्या दुकानात आली तेव्हा तोंडाला ओढणी गुंडाळलेली होती. शहरातल्या पोरी स्कुटीवर बांधतात तशी. मला वाटलं, आताच शहराची झाली. हसत मी ती सोडली.

गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती आणि खालच्या लाल शिरा दिसत होत्या. कपाळावर काळे चट्टे, जिवणीच्या कडेला बारीक फोड. गालांवर मऊ केस उगवले होते. ती माझ्याकडे बघत होती, मी आता डब्यातून दुसरं काहीतरी काढून देईन अशी. माझ्याकडे काही नव्हतं. अठरा वर्षांच्या दुकानात त्या तोंडावर लावण्यासारखं काहीही नव्हतं.

आम्ही नंदुरबारला कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला ट्यूब कुठून आणली असं विचारलं. मी दुसऱ्याच दुकानाचं नाव सांगितलं. बहिणीनं एकदा माझ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, हे क्रीम एकदम सोडलं तर तोंड आणखी पेटेल, म्हणून टप्प्याटप्प्यानं कमी करायचं, सोबत हे दुसरं मलम लावायचं, दाखवायला येत राहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्षभर उन्हात जायचं नाही. बहिणीनं विचारलं, "थोडंसुद्धा नाही?" ते म्हणाले, थोडंसुद्धा नाही.

तिथून आम्ही पायी साड्यांच्या दुकानात गेलो. वाटेत मी तिला सांगितलं, बोलायचं मी, तू फक्त उभी राहा. लग्नसराईची गर्दी होती. मालकीणबाईंनी आम्हाला आत बोलावून ओढणी काढायला लावली. मग त्यांनी तिच्या हनुवटीला बोट लावून तोंड उजेडाकडे वळवलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मला लिहायला आवडत नाही, पण आलं.

"आते हाई तोंड लई काउंटरवर कशी उभी करू तिले?" त्या म्हणाल्या. "अशी कर. मांगे गोडाऊनमा बसू दे. साड्यास्ना घड्या करी, फॉल लावी. तठे कोनी येत नही, कोनी देखत नही. पगार जरासा कमी देसू."

मला फक्त 'मांगे' ऐकू आलं. बाकीचं मी ऐकलंच नाही. मी तेरा वर्षांची झाले, हातात ट्रे होता. मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, गिऱ्हाइकं उठून उभी राहिली एवढं आठवतं. तुमच्या घरातला गोरा रंग आमच्या उन्हावर पोसलेला आहे, असं मी म्हणाले. तुमच्या गोडाऊनमध्ये सडायला माझी बहीण वाटेवर पडलेली नाही, असंही म्हणाले. काउंटरवर घ्यायची तर घ्या, नाहीतर राहू द्या. माल परत उचलायला निघालं की समोरचा हाक मारतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. मी बहिणीचा दंड धरला आणि पायऱ्या उतरले. रस्त्याच्या मध्यावर पोचेपर्यंत माझे कान मागेच होते. कुणी हाक मारली नाही.

बसस्टँडवर मी अजून बोलतच होते. बहिणीनं ओढणी परत बांधून घेतली होती. फक्त डोळे दिसत होते.

"मला बसायचं होतं तिथं," ती म्हणाली.

मी म्हणाले, तुला कळत नाही, ते लोक असेच असतात.

"पंखा होता तिथं," ती म्हणाली. "मी बघितला. खिडकीसुद्धा नव्हती, ऊन आलंच नसतं."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच परत नंदुरबारला गेले. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. दुकानाच्या समोर रसवंतीवर तासभर उभी राहिले. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, काकू, गोडाऊन चालेल. पाय उचलला नाही. आणखी एका आठवड्यानं गेले, तर मागच्या दारातून एक मुलगी घड्या केलेल्या साड्यांचा गठ्ठा आणत होती. सपाटीवरचीच दिसत होती, साधारण सावळी.

मी बहिणीला म्हटलं, माझ्या दुकानात बस. ती चार दिवस बसली. दुकानावर पत्रा, बाजार उघड्यावरचा. दुपारी पत्रा तापला की तिचं तोंड पेटायचं. शिवाय बाया बांगड्या घ्यायच्या सोडून तिच्याकडे बघत राहायच्या आणि ट्यूबांचा डबा परत ठेवायच्या. मी तिला पडदा लावून मागे बसवलं. हे मी केलं. पाचव्या दिवशी ती पाड्यावर निघून गेली. दाखवायला नंदुरबारला यायचं तिनं सोडलं, मलमही संपलं. दिवाळीनंतर ती टोळीबरोबर ऊस तोडायला गेली, तोंडाला फडकं गुंडाळून.

मालकीणबाईंवरचा माझा राग गेलेला नाही. जाणारही नाही. त्यांच्या दुकानावरून बस जाते तेव्हा मी दुसरीकडे बघते. पण त्या रागात पूर्वी मला ऊब वाटायची, तशी आता वाटत नाही.

ट्यूबा आता मी ठेवत नाही. शेजारच्या टपरीवाल्यानं त्या ठेवायला सुरुवात केली. वरून उतरलेल्या पोरींना मी सांगते, घेऊ नका, कातडी जाईल. त्या माझ्या काळ्या तोंडाकडे बघतात आणि आपापसात हसतात. मग शेजारी जातात.

यंदा होळीच्या आधीच्या बाजारात टोळ्या परत आल्या तेव्हा बहीण दिसली. फडकं गळ्यात उतरवलेलं होतं. चट्टे पसरून मानेपर्यंत आले होते. ती माझ्या दुकानासमोरून गेली, थांबली नाही. शेजारी जाऊन तिनं ट्यूब मागितली. ती सोडली की तोंड पेटतं, दोन दिवस कोयता धरवत नाही, हे तिनं आईला सांगितलं होतं. टपरीवाल्यानं दुप्पट भाव सांगितला. बहीण कनवटीला हात घालून सांगेल तेवढे द्यायला निघाली. घासाघीस तिला कधी जमली नाही.

मी उठले. टपरीवाल्याला म्हणाले, सुरतेत या ट्यूबचा भाव काय आहे ते मला माहीत आहे, मला शिकवू नको. तो म्हणाला, ताई, तुम्ही तर ही वाईट म्हणता. मी म्हणाले, वाईटच आहे, म्हणून काय दुप्पट लावशील? शेवटी तो वाजवी भावावर आला. मी पैसे दिले, दोन ट्यूबा घेतल्या आणि तिच्या हातात ठेवल्या.

तिनं त्या झोळीत टाकल्या आणि मोलगीच्या जीपकडे चालू लागली.